थंडीच्या माथी मारलेला पराभव

दुसऱ्या महायुद्धाविषयीच्या मराठी लोकप्रिय लेखनात, आणि त्याहूनही अधिक व्याख्यानांत व गप्पांच्या फडांत, एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागणेही कोणाला सुचत नाही: हिटलरला रशियात हरवले ते तिथल्या थंडीने. या विधानाला बहुधा दोन पुरवण्या जोडलेल्या असतात. पहिली अशी की नेपोलियनचीही हीच गत झाली होती, पण हिटलर इतिहासापासून काही शिकला नाही. दुसरी अशी की जर्मन सेनापती रणविद्येत निष्णात होते, आणि पहिल्या महायुद्धातल्या एका कॉर्पोरलने त्यांच्या कामात ढवळाढवळ करून ऑगस्ट १९४१ मध्ये मॉस्कोच्या वाटेवरचे रणगाडे युक्रेनकडे वळवले नसते, तर बर्फ पडण्यापूर्वीच सारा निकाल लागला असता. ही कथा ऐकायला छान वाटते, कारण तिच्यात निसर्गाचा कोप आहे, गर्विष्ठाचे गर्वहरण आहे आणि हुशार पण हतबल सल्लागारही आहेत. मात्र ज्या सैन्याने हे युद्ध लढून जिंकले, ती सोव्हिएत संघाची लाल सेना या कथेत कुठेच दिसत नाही.

थंडी पडलीच नव्हती, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. डिसेंबर १९४१ च्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोच्या परिसरात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता, वंगण गोठल्यामुळे रणगाड्यांची इंजिने चालू होत नव्हती, ज्यांच्या नळ्या बाहेरच्या बाजूने काढलेल्या होत्या अशी जर्मन रेल्वे इंजिने वाटेतच बंद पडत होती, आणि हिमदंशाने, म्हणजे अतिथंडीत हातापायांची बोटे व कातडी मरून जाण्याच्या विकाराने, त्या हिवाळ्यात लाखाहून अधिक जर्मन सैनिक जायबंदी झाले. परंतु पराभवाचे कारण आणि पराभूताला सोसावे लागलेले हाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या मोहिमेचे गणित जुलैत चुकले, ऑगस्टमध्ये ती चूक खुद्द आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात आली आणि नोव्हेंबरअखेर त्यांनी ती आपापसांत बोलूनही दाखवली, तिच्या अपयशाचा ठपका डिसेंबरच्या पाऱ्यावर ठेवणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे, असाच प्रकार होय.

नेपोलियनचा दाखला आधी तपासून घेणे बरे, कारण सारी इमारत त्याच पायावर उभी आहे. ‘हिमसेनापती’ ही कल्पना १८१२ च्या डिसेंबरातच लंडनच्या व्यंगचित्रकारांनी रूढ केली. विल्यम एल्म्सच्या चित्रात एक हिमराक्षस छोट्या नेपोलियनची हजामत करताना दाखवला आहे. ज्यांनी फ्रेंचांशी प्रत्यक्ष झुंज दिली त्या रशियन अधिकाऱ्यांना मात्र ही थट्टा झोंबली. गनिमी तुकड्यांचा नायक आणि कवी देनिस दाविदोव याने १८३५ मध्ये, फ्रेंच सैन्य थंडीने नष्ट केले काय, असा प्रश्नच शीर्षकात घालून एक निबंध लिहिला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने १८६९ मध्ये काढलेला आलेख प्रसिद्ध आहे. त्यात सैन्याची संख्या पट्ट्याच्या जाडीने दाखवली आहे, आणि नेमान नदी ओलांडताना ४,२२,००० माणसांचा असलेला हा पट्टा मॉस्कोला पोहोचेपर्यंत १,००,००० इतका बारीक होतो. मधल्या तीन लाखांपैकी काही वाटेवरच्या ठाण्यांत आणि बगलेच्या तुकड्यांत मागे राहिले, हे खरे. पण बाकीचे उन्हाळ्याच्या उकाड्यात, विषमज्वरसदृश साथीत, हगवणीत, उपासमारीत आणि लढायांत संपले. मॉस्को नेपोलियनच्या हाती पडले ते १४ सप्टेंबरला. ‘मॉस्को घेतले असते तर’ असे हळहळणाऱ्यांनी नेपोलियनचे उदाहरण द्यावे, ही गंमतच आहे, कारण त्याने मॉस्को घेतले होते आणि तरीही तो युद्ध हरला.

आता १९४१ कडे वळावे. १८ डिसेंबर १९४० च्या ज्या लेखी आदेशाने ‘बार्बारोसा’ या सांकेतिक नावाची मोहीम ठरली, तिचा कणा एकच गृहीतक होते: लाल सेनेचा बराचसा भाग द्विना आणि नीपर या नद्यांच्या पश्चिमेलाच घेरून नष्ट करता येईल, आणि पुढे जे उरेल ते पाठलागाचे काम असेल. हे अंतर सीमेपासून साधारण ५०० किलोमीटर भरते, आणि हा आकडा काही आकाशातून पडलेला नव्हता. मालमोटारींनी रसद पुरवायची तर परतीच्या खेपेचे पेट्रोलही त्याच गाडीला लागते, त्यामुळे अंतर वाढत जाते तसा आघाडीवर पोहोचणारा माल घटत जातो. जर्मन भूदलाचे रसदप्रमुख, म्हणजे दारूगोळा, इंधन आणि शिधा यांची जबाबदारी असलेले अधिकारी, एडुआर्ड वॅग्नर यांच्या हिशेबानुसार ही मर्यादा ५०० किलोमीटरच्या घरात येत होती. त्यापुढे रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. रशियन रुळांमधले अंतर जर्मन रुळांपेक्षा सुमारे नऊ सेंटिमीटरने जास्त, ही अडचण सगळ्यांना ठाऊक असते आणि तीच सर्वांत सोपी होती, कारण एक रूळ उखडून आत सरकवला की काम भागते. खरी अडचण पुढची होती. सोव्हिएत इंजिने मोठी, त्यांच्यात पाणी आणि कोळसा जास्त मावे, म्हणून पाणी भरण्याची स्थानके दूरदूर बांधलेली होती. लहान टाक्यांच्या जर्मन इंजिनांना ती पुरेनात, आणि प्रत्येक मार्गावर मधली स्थानके नव्याने उभारावी लागली. सीमा ओलांडलेल्या तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिकांमागे सहा लाखांवर घोडे आणि जवळपास तितक्याच मोटारी होत्या. त्या मोटारींत फ्रान्ससह निम्म्या युरोपातून गोळा केलेले इतके नमुने होते की एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालत नसे. चित्रपटांतून दिसणारी यंत्रारूढ जर्मन सेना ही त्या सैन्याची पुढची धार होती; तिच्या मागचे बहुतेक पायदळ १८१२ च्या पायदळासारखे चालतच गेले.

योजनेत एका प्रश्नाचे उत्तर नव्हते: नद्यांच्या अलीकडे लाल सेना संपली नाही तर काय? भूदलाच्या जनरल स्टाफचे, म्हणजे मोहिमा आखणाऱ्या मध्यवर्ती कचेरीचे, प्रमुख फ्रान्झ हाल्डर यांना हा प्रश्न ३ जुलैला पडलाच नव्हता. मोहीम दोन आठवड्यांत जिंकली गेली असे म्हणायला हरकत नाही, अशा आशयाची नोंद त्यांनी त्या दिवशी आपल्या रोजनिशीत केली. ११ ऑगस्टची त्यांची नोंद निराळ्याच सुरात आहे. शत्रूच्या सुमारे २०० डिव्हिजन धरल्या होत्या, प्रत्यक्षात ३६० मोजून झाल्या आहेत, आणि डझनभर चिरडल्या तर शत्रू तितक्याच पुन्हा उभ्या करतो, असे ते लिहितात. (डिव्हिजन म्हणजे स्वतंत्रपणे लढू शकणारी, साधारण दहा ते पंधरा हजारांची सैन्यरचना.) हा चमत्कार नव्हता. सक्तीच्या लष्करी सेवेतून तयार झालेले लाखो राखीव सैनिक सोव्हिएत संघाकडे होते, आणि जून संपण्यापूर्वीच त्यांतले ५३ लाख बोलावले गेले होते. नव्या डिव्हिजन कच्च्या होत्या, त्यांचे नेतृत्व पुष्कळदा वाईट होते, त्यांचे बळी भयानक होते. पण त्या होत्या, आणि जर्मन आखणीत त्यांचे अस्तित्वच धरलेले नव्हते.

याचे परिणाम भर उन्हाळ्यात दिसले. स्मोलेन्स्कच्या परिसरात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत लढाई चालली, आणि ३० जुलैच्या आदेशाने हिटलरने मॉस्कोच्या दिशेने निघालेल्या मध्य सैन्यसमूहाला, म्हणजे या मोहिमेतल्या सर्वांत बलाढ्य जर्मन फौजेला, बचावाचा पवित्रा घ्यायला लावले. मोहीम सुरू होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते आणि ऊन रणरणत होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येल्न्याचा फुगवटा, म्हणजे शत्रूच्या बाजूला पुढे घुसलेला आघाडीचा भाग, जर्मनांना सोडून द्यावा लागला. लाल सेनेच्या प्रतिहल्ल्यांमुळे जर्मन सैन्याने माघार घेतल्याचे हे एक पहिलेच ठळक उदाहरण. ३० सप्टेंबरपर्यंत पूर्व आघाडीवर जर्मनांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेपाच लाख सैनिक खर्ची पडले होते. म्हणजे सहा सैनिकांमागे एक, आणि बर्फाचा अजून पत्ता नव्हता.

ऑगस्टमध्ये रणगाडे युक्रेनकडे वळवले नसते तर, हा मुद्दाही याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. मध्य सैन्यसमूहाचे जवळपास निम्मे रणगाडे त्या वेळी दुरुस्तीवाचून उभे होते, त्याच्या रसदेला दम घ्यायला हवा होता, आणि त्याच्या उजव्या बगलेवर, कीव्हभोवती, सोव्हिएत सैन्याचा प्रचंड जमाव अभंग होता. सप्टेंबरात तो घेरल्यावर जर्मनांनी साडेसहा लाखांहून अधिक कैद्यांचा दावा केला. एवढे सैन्य पाठीमागे ठेवून मॉस्कोकडे धावण्याचा सल्ला देणाऱ्या सेनापतीला दूरदर्शी कोणत्या आधारावर म्हणायचे? वसंतात बाल्कनची मोहीम मध्येच आली म्हणून बार्बारोसा लांबली, हे दुसरे सांत्वन तर आणखीच तकलादू आहे, कारण १९४१ चा वसंत उशिरा आला, पूर्व पोलंडमधल्या नद्या दुथडी भरून वाहत होत्या आणि मे महिन्यात रणगाडे हलवणे कठीणच होते.

मॉस्कोवरचा ‘टायफून’ हा हल्ला ऑक्टोबरच्या आरंभी सुरू झाला आणि व्याझ्मा व ब्रियान्स्कजवळ आणखी काही सोव्हिएत सैन्ये कोंडीत सापडली. त्यानंतर पाऊस आला आणि रस्ते वाहून गेले. ‘रास्पुतित्सा’ हे रशियन भाषेतले या चिखलाच्या ऋतूचे नाव आहे आणि तो तिथे दरवर्षी शरदात व वसंतात येतो. त्यामुळे त्याला अपघात म्हणता येत नाही; जो आखणीकार त्याला गृहीत धरत नाही तो कोकणात जुलैत कोरडे रस्ते अपेक्षिणाऱ्या इतकाच शहाणा. नोव्हेंबरच्या मध्याला गोठण सुरू झाली तेव्हा जर्मन मुख्यालयात समाधान व्यक्त झाले, कारण कडक जमिनीवर रणगाडे पुन्हा धावू लागणार होते, आणि १५ नोव्हेंबरला हल्ला पुन्हा सुरू झाला तो या थंडीच्या भरवशावरच. म्हणजे जी थंडी पुढे खलनायक ठरली, तिलाच आधी मदतीला बोलावले गेले होते.

या हल्ल्याच्या दोन दिवस आधी, १३ नोव्हेंबरला, बेलारूसमधल्या ऑर्शा या रेल्वे जंक्शनच्या गावी हाल्डर यांनी आघाडीवरच्या सैन्यांच्या स्टाफप्रमुखांची बैठक बोलावली. त्यांनी मांडलेल्या उद्दिष्टांत मॉस्कोच्या शेकडो किलोमीटर पलीकडच्या गोर्कीचाही विचार होता. समोर बसलेल्यांना आपल्या तुकड्यांत किती माणसे आणि किती गाड्या उरल्या आहेत हे माहीत होते. त्यांतल्या एकाने तर हा काही मे महिना नाही आणि हे फ्रान्सही नाही, असे स्पष्ट सुनावले. हाल्डर तरीही मागे हटले नाहीत, आणि या प्रसंगी हिटलरने त्यांच्यावर दबाव आणला असे म्हणायला जागा नाही. पुढे जाण्याचा आग्रह त्यांचा स्वतःचा होता. पंधरवड्याने, २७ नोव्हेंबरला, वॅग्नर यांनी त्यांना कळवले की माणसे आणि सामग्री या दोन्हींचा तळ गाठला गेला आहे. २९ नोव्हेंबरला शस्त्रास्त्रमंत्री फ्रिट्झ टोट यांनी हिटलरला तोंडावर सांगितले की हे युद्ध आता लष्करी मार्गाने जिंकता येणार नाही. कडाक्याची थंडी आणि सोव्हिएत प्रतिहल्ला, दोन्ही यायला अजून जवळजवळ आठवडा होता.

हिवाळी कपड्यांची गोष्ट दंतकथेत हमखास येते आणि ती सांगणाऱ्यांच्याच विरुद्ध साक्ष देते. मोहीम शरदात संपेल आणि हिवाळ्यात फक्त ताबा ठेवणारे सैन्य तिथे राहील, या हिशेबाने सैन्याच्या एका भागापुरतेच गरम कपडे तयार करवले होते. जे तयार होते तेही पोलंडमधल्या कोठारांत आणि मालधक्क्यांवर पडून राहिले, कारण दिवसाला येणाऱ्या मोजक्या आगगाड्यांत डबे कशाने भरायचे, हा प्रश्न आला की दरवेळी पेट्रोल आणि तोफगोळे जिंकत. सैनिक गारठला तो कोट विसरल्यामुळे नव्हे. पेट्रोल आणि कोट दोन्ही नेण्याची ऐपत असलेली रेल्वे नसताना एक हजार किलोमीटर आत शिरण्याचा निर्णय घेतला गेला, म्हणून.

५ डिसेंबरला कालिनिनजवळून आणि दुसऱ्या दिवशी खुद्द मॉस्कोसमोरून जो सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, तो आणि पाऱ्याची घसरगुंडी एकाच आठवड्यात आली, आणि कावळा बसायला व फांदी मोडायला गाठ पडली म्हणून श्रेय कावळ्याला मिळाले. प्रत्यक्षात सोव्हिएत सर्वोच्च मुख्यालयाने अनेक आठवड्यांपासून राखीव सैन्ये मागे जमवून ठेवली होती आणि शहर धोक्यात असतानाही ती तुकड्यातुकड्यांनी आगीत झोकण्याचे टाळले होते. पहिली आघात सेना, विसावी सेना आणि दहावी सेना या साऱ्या नव्याने उभारलेल्या रचना होत्या. प्रतिहल्ला करणारे सैन्यही त्याच बर्फातून चालत होते. त्यांच्याकडे लोकरीचे नमदा बूट, कापूस भरलेली जाकिटे आणि कानटोप्या होत्या, कारण ती कोणीतरी शिवली होती, साठवली होती आणि आघाडीवर पोहोचवली होती.

थंडी रशियनांच्या बाजूने लढते, हे खरे असते तर दोन वर्षांपूर्वीचे फिनलंडचे युद्ध समजावून सांगता येत नाही. जानेवारी १९४० मध्ये सुओमुस्साल्मीजवळच्या राते रस्त्यावर चव्वेचाळिसाव्या सोव्हिएत डिव्हिजनचे फिनिश सैनिकांनी तुकडे तुकडे केले, तेव्हाही पारा असाच उतरला होता आणि गोठून मेलेले सैनिक सोव्हिएत होते. मॉस्कोनंतरचे महिने त्याहूनही बोलके आहेत. जानेवारी आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये थंडी तितकीच क्रूर होती, जर्मन सैन्य तितकेच उघडे होते, स्टालिनने सर्व आघाड्यांवर हल्ल्याचा हुकूम दिला होता, आणि तरीही मध्य सैन्यसमूह तुटला नाही. उलट व्याझ्माजवळ तेहेतिसावी सोव्हिएत सेनाच कोंडीत सापडली आणि तिचे सेनापती येफ्रेमोव यांनी एप्रिलमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. सोव्हिएत नेतृत्वाने आपली ताकद अवास्तव मानली आणि फळे भोगली. ही त्यांची चूक होती, हिमसेनापतीने ऐनवेळी पक्ष बदलला असे काही झाले नव्हते. लेनिनग्राडजवळचे लादोगा सरोवर गोठल्यावर त्यावरून मालमोटारींचा रस्ता काढला गेला आणि वेढ्यातल्या शहराला थोडे धान्य मिळू लागले. पण त्याच हिवाळ्यात त्याच शहरात लाखो नागरिक उपासमारीने आणि गारठ्याने मेले.

दंतकथेत कारखानेही नसतात. जुलै ते नोव्हेंबर १९४१ या काळात १,५२३ मोठे उद्योग यंत्रांसकट उखडून उराल, व्होल्गाकाठ, सायबेरिया आणि मध्य आशियात हलवले गेले. खार्कोव्हचा रणगाड्यांचा कारखाना निझ्नी तागिलला गेला, आणि सोबत आणलेल्या सुट्या भागांतून डिसेंबर संपण्यापूर्वी तिथे पहिले टी-३४ रणगाडे जुळवले गेले. लेनिनग्राडच्या किरोव कारखान्याचा मोठा भाग चेल्याबिन्स्कला गेला आणि त्या शहराला ‘तांकोग्राद’, म्हणजे रणगाड्यांचे गाव, हे टोपणनाव पडले. छप्पर पुरते घातलेले नसताना यंत्रे चालू झाली, आणि ती चालवणाऱ्या बायका व पोरसवदा मुले यांच्यासाठी उरालची थंडी कसलीच दोस्त नव्हती. १९४२ मध्ये सोव्हिएत संघाने सुमारे २४,००० रणगाडे तयार केले, तेही देशाचा सर्वांत औद्योगिक प्रदेश शत्रूच्या ताब्यात असताना. जर्मनी त्या वर्षी या आकड्याच्या आसपासही नव्हती.

स्टालिनग्राडच्या बाबतीत थंडीचा उल्लेख करणे अधिक सोपे जाते, कारण बर्फातल्या कैद्यांच्या रांगांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. परंतु सहाव्या जर्मन सेनेचे नशीब १९ ते २३ नोव्हेंबर १९४२ या पाच दिवसांत ठरले. ज्या बगला अपुऱ्या रणगाडाविरोधी तोफांच्या रुमानियन सैन्यांवर सोपवल्या होत्या, नेमक्या त्याच ठिकाणी सोव्हिएत चिलखती दळे घुसली आणि कलाचजवळ एकमेकांना मिळाली. हल्ल्यापूर्वी लाखो माणसे रात्रीच्या अंधारात हलवून दिवसा लपवण्याचे जे कौशल्य दाखवले गेले, त्याला रशियन लष्करी भाषेत ‘मास्किरोव्का’ म्हणतात; जर्मन गुप्तवार्ता विभागाला त्याची व्याप्ती कळली नाही. कोंडीतल्या अडीच लाखांवर माणसांना विमानांनी रोज किमान ३०० टन माल हवा होता आणि सरासरी जेमतेम त्याच्या एक तृतीयांश पोहोचला. एक बारकावा इथे नोंदवण्यासारखा आहे: चाऱ्याची टंचाई म्हणून या सेनेचे बहुतेक घोडे आधीच पश्चिमेला पाठवले होते, त्यामुळे बाहेर पडण्याची परवानगी मिळाली असती तरी तोफा ओढायच्या कशाने, हा प्रश्नच होता. आणि थंडीचा हिशेब करायचाच तर पूर्ण करावा. २५ नोव्हेंबरला, म्हणजे स्टालिनग्राडची कोंडी पुरी झाल्यावर दोनच दिवसांनी, रझेवजवळ सोव्हिएत सेनापती झुकोव यांच्या देखरेखीखाली ‘मंगळ’ नावाचा दुसरा मोठा सोव्हिएत हल्ला सुरू झाला, आणि तो प्रचंड प्राणहानी होऊन फसला. हिवाळा एकच, महिना एकच, सैन्यही एकच असताना एका ठिकाणी जय आणि दुसरीकडे पराजय झाला. फरक होता तो समोरच्या बचावात आणि हल्ल्याच्या आखणीत.

पण या दंतकथेचा खरा कस उन्हाळ्यात लागतो. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कजवळ जर्मनांनी आपला सर्वोत्तम चिलखती संच निवडलेल्या जागी, निवडलेल्या वेळी आणि उत्तम हवेत वापरला, आणि सोव्हिएत बचाव फोडता आला नाही. ५ ऑगस्टला ओर्योल आणि बेल्गोरोद ही शहरे मुक्त झाल्यावर मॉस्कोत या युद्धातली विजयाची पहिली तोफांची सलामी झाली. पुढच्या वर्षी, बार्बारोसाला बरोबर तीन वर्षे होत असताना, बेलारूसमध्ये ‘बाग्रातिओन’ मोहीम सुरू झाली आणि ज्या मध्य सैन्यसमूहाला तीन हिवाळे हलवू शकले नव्हते तो काही आठवड्यांत कोसळला. २८ डिव्हिजन नाहीशा झाल्या, ३ जुलैला मिन्स्क पडले आणि १७ जुलैला सुमारे ५७,००० जर्मन कैदी मॉस्कोच्या रस्त्यांवरून चालवत नेण्यात आले. त्या रांगांच्या मागून रस्ते धुणाऱ्या पाण्याच्या गाड्या सोडण्यात आल्या होत्या. जर्मन लष्करी इतिहासातला एवढा मोठा पराभव उन्हात झाला, म्हणूनच तो लोकप्रिय कथनांत चार ओळींत आटोपला जातो, असा संशय घ्यायला जागा आहे. त्या वेगवान पाठलागात सोव्हिएत पायदळ आणि तोफखाना मोठ्या प्रमाणात अमेरिकन मालमोटारींतून धावत होता, हेही सांगितले पाहिजे. युद्धभर अशा चार लाखांच्या आसपास मोटारी आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच इराणच्या मार्गाने आल्या, जो ऑगस्ट १९४१ मध्ये सोव्हिएत आणि ब्रिटिश फौजांनी त्या देशात शिरून मोकळा करून घेतला होता. त्या ब्रिटिश फौजेत हिंदी सैन्याचा वाटा मोठा होता.

मग ही समजूत इतकी खोल कशी रुजली? तिचा पहिला प्रचारक खुद्द जर्मन सरकारच होते. डिसेंबर १९४१ मध्ये प्रचारमंत्री गोबेल्सने जनतेकडे लोकरी कपड्यांची मागणी केली, कारण सैनिकांना कोट कमी पडले असे कबूल करणे हे शत्रू बलवान निघाला असे कबूल करण्यापेक्षा कमी लाजिरवाणे होते. चर्चिलनेही मे १९४२ मधल्या रेडिओ भाषणात हिटलर रशियन हिवाळा विसरला म्हणून त्याची टर उडवली, आणि त्या विनोदाला लाभलेले आयुष्य कोणत्याही लष्करी अहवालाला लाभले नाही. युद्ध संपल्यावर सूत्रे सेनापतींच्या हाती गेली. हाल्डर यांनी १९४९ मध्ये हिटलरच्या सेनापतित्वावर पुस्तिका काढली, १९५१ मध्ये गुडेरियन यांच्या आणि १९५५ मध्ये मानस्टाइन यांच्या आठवणी आल्या, आणि या साऱ्यांत चुका हिटलरच्या, कर्तृत्व सेनापतींचे आणि उरलेला दोष हवामानाचा, अशी वाटणी ठरून गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अमेरिकन भूदलाच्या इतिहास विभागासाठी शेकडो जर्मन अधिकाऱ्यांकडून पूर्व आघाडीचे वृत्तांत लिहून घेण्याचे काम हाल्डर यांच्याच देखरेखीखाली १९६१ पर्यंत चालले, आणि त्याबद्दल अमेरिकेने त्यांचा सन्मानही केला. शीतयुद्ध चालू होते, सोव्हिएत दप्तरखाने बंद होते, आणि पुढचे युद्ध रशियनांशीच होणार असे मानणाऱ्यांना त्यांच्याशी लढलेल्यांची साक्ष मोलाची वाटत होती. जेते इतिहास लिहितात असे म्हणतात. या युद्धाच्या पूर्व आघाडीची बखर पश्चिमेत अनेक वर्षे पराभूतांनी लिहिली. सोव्हिएत बाजूनेही तिला उत्तर देण्यासारखी मोकळीक ठेवली नाही. १९४१ च्या वेढ्यांत काय घडले, रझेवला किती माणसे गेली, हे लपवले गेले. स्टालिनने १९४६ मध्ये देशाची प्राणहानी ७० लाख सांगितली आणि २ कोटी ६६ लाख हा आकडा अधिकृतपणे पुढे यायला १९९० उजाडावे लागले. ज्यांचे बळी मोजायलाच बंदी होती त्यांचे श्रेय थंडीला देणे सोपे होते.

या कथेने आणखी एक गोष्ट झाकली जाते, आणि ती सेनापतींच्या प्रतिष्ठेपेक्षा फार गंभीर आहे. रसद पुरणार नाही हे माहीत असल्यामुळेच जर्मन आखणीत सैन्याने जिंकलेल्या भूमीवर पोसले जावे असे ठरले होते. २ मे १९४१ रोजी अन्नखात्याच्या हर्बर्ट बाके यांच्या योजनेवर वरिष्ठ सचिवांची बैठक झाली, आणि या पद्धतीने कोट्यवधी लोक उपाशी मरतील, हे त्या बैठकीच्या टिपणातच नोंदलेले आहे. लाल सेनेतल्या राजकीय अधिकाऱ्यांना पकडताच गोळी घालण्याच्या ६ जूनच्या आदेशाचा मसुदा तयार होण्यात हाल्डर यांच्या मुख्यालयाचाही हात होता. १९४१ मध्ये पकडलेल्या सुमारे ३३ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी २० लाखांच्या आसपास फेब्रुवारी १९४२ पर्यंत मेले, तारेच्या कुंपणाआड, उघड्या मैदानात, पुष्कळदा अंगावरचा कोट आणि पायांतले बूट काढून घेतल्यावर. युद्धानंतर याचेही स्पष्टीकरण टंचाई आणि हिवाळा असेच देण्यात आले. परंतु १३ नोव्हेंबरच्या त्या ऑर्शाच्या बैठकीत गोर्कीपर्यंत जाण्याची चर्चा झाली, तशीच कैद्यांचीही झाली, आणि काम न करणाऱ्या कैद्यांनी उपाशी मरायचे आहे, असे रसदप्रमुख वॅग्नर यांनी तिथे सांगितले. अशा कैद्यांचा शिधा कमी करण्याचा त्यांचा आदेश त्याही आधीचा, २१ ऑक्टोबरचा आहे, आणि तेव्हा मॉस्कोच्या वाटेवर अजून चिखलच होता.